हेडचे नट
शर्यतीत भर वेगात धाकट्या भावाच्या डिझेल ट्रकचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि वरचं झाकण यांच्यामधली सीलपट्टी, फुटलं, काचेवर वाफ पसरली आणि समोरची भिंत त्याला दिसलीच नाही. तो गेला. आता तोच ट्रक त्याची बायको पळवणार होती. "भाऊजी, टर्बोचा दाब कमी करून जिंकता यायचं नाही. हेडच असं बसवा की फुटायला नको," ती थोरल्याला म्हणाली. थोरल्याने मन घट्ट केलं. प्रत्येक सिलिंडरभोवती खाच पाडून त्याने पोलादी तारेची रिंग बसवली, नवं गॅस्केट घातलं, आटे पाडलेले जाड दांडे, म्हणजे स्टड, लावले आणि हेड ठेवून वरचे नट नुसते हाताने फिरवले. मग, नट पुरेसा आवळला की टक् वाजणारा पाना घेऊन त्याने मधून सुरुवात केली. पहिला नट आवळला, टक् वाजलं. दुसऱ्याला पाना लावला, तर नट न हलताच टक्. तिसराही तसाच. कडेचे नट बोटाने फिरत होते, पण पाना तिथे पोचेपर्यंत घट्ट झालेले असायचे. कुणीतरी त्याच्या पुढे पुढे आवळत चाललं होतं, तेही मधून कडेला, अगदी नेमक्या क्रमाने. क्रम चुकला तर गॅस्केट सारखं दाबलं जात नाही, हे शिकवून शिकवून थोरला थकला होता; जिवंतपणी धाकटा हाताला येईल तो नट आवळायचा. दारातून भावजयीने विचारलं, "झालं का, भाऊजी?"  थोरल्याने पाना खाली ठेवला. "थांब जरा," तो म्हणाला. "एकच राहिलाय. तो त्याला आवळू दे."