बिघडलेलं झाड

"बाई, हा कडुनिंब!" पाटी वाचून सहलीतले लोक ओरडले. वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका मालन पेठकरांनी पान चावलं. गोड! शेजारच्या करंजाचं पान चुरगळलं, तर संडासात मारतात त्या मोगऱ्याच्या स्प्रेचा वास. त्यांना शिसारी आली. बागेतली सगळी झाडं कारखान्यातली, एकाच जातीची. दर सोमवारी पाटी बदलली की पानांचा आकार तेवढा बदलायचा.

एवढ्यात गटारासारखी घाण आली. लोकांनी नाकाला रुमाल लावले. बाई मात्र छाती भरून वास घेत तिकडे धावल्या. "अहो, जंगली बदाम फुललाय! खराखुरा!"

बागेचा पर्यवेक्षक ओशाळला. "माफ करा, बाई. हे झाड बिघडलंय, पाटी बदलली तरी पानं बदलत नाहीत, वासही जात नाही. उद्या उपटून टाकतो."

नाकावरचे रुमाल क्षणभर काढून लोकांनी टाळ्या वाजवल्या.