ब्युरोची बाई

आप्पा पुन्हा मेले.

रुग्णसेवेच्या ब्युरोकडून आलेली तिसरी बाई त्यांना सूप भरवत होती. दोन चमचे नीट गेले. तिसऱ्याला आप्पांनी डोळे पांढरे केले, मान टाकली आणि एक हात पलंगावरून खाली सोडला. बाईने किंकाळी फोडली. वाडगा उडाला तो थेट सुनेच्या अंगावर. बाई चपला हातात घेऊन जिना उतरली, ती परत काही आली नाही.

"आप्पा, पुरे झाली हं नाटकं," मुलगा म्हणाला.

आप्पांनी एक डोळा उघडला. "गेली का?"

मरण्यात आप्पांचा हातखंडा होता. उमेदीच्या काळात ते कचेरीच्या नाटकमंडळात होते. पाठांतराच्या नावाने शंख असल्यामुळे त्यांना दरवर्षी प्रेताचं काम मिळे. पण ते काम आप्पा असं काही वठवत, की पहिल्या रांगेतल्या बायका रुमाल काढत.

हे सगळं ताई घर सोडून गेल्यापासून सुरू झालं होतं. ताई म्हणजे आप्पांची थोरली, साठी उलटलेली. आप्पांसकट सगळं घर तिला ताईच म्हणे. आईच्या आजारपणात तिने टायपिस्टची नोकरी सोडली. आई गेली, तर आप्पांच्या पायांनी दगा दिला. त्यामुळे ताईला ना पगार, ना पेन्शन. बँकेत खातं होतं, पण ते नावापुरतं. धाकट्या भावाचं, म्हणजे आप्पांच्या याच मुलाचं, फरशांचं दुकान होतं आणि घरखर्च तो बघे. ताईने साबण मागितला, तरी आधीची वडी कुठे गेली याची चौकशी होई.

मग एक दिवस तिच्या चष्म्याची काडी मोडली. ताईने ती दोऱ्याने बांधून बघितली. पण चष्मा सूपमध्ये पडायला लागला, तेव्हा तिने भावाकडे पैसे मागितले.

"तुला काय गं खर्च?" भाऊ म्हणाला. "घरीच तर असतेस."

"मग आप्पांचं करते त्याचा पगार दे."

"घरच्या माणसाला कसला पगार?" भाऊ खो खो हसला.

ताईला हे फार लागलं. आप्पांच्या उशाशी बसून ती रडली. "आप्पा, उद्या तुम्ही नसाल. मग मी म्हातारपणी चष्म्याच्या काडीसाठीही याच्यापुढे हात पसरायचा का?" आप्पांनी उशाशी पडलेलं वर्तमानपत्र पुढे ओढलं. दुसऱ्या दिवशी तिने पिशवी भरली, "मी नोकरी बघते" म्हणाली आणि मैत्रिणीकडे राहायला गेली. आप्पा तिला "जा" म्हणाले. तेही इतक्या शांतपणे, की मुलाला वाटलं, यांना नीट ऐकू आलं नसावं.

"बाई आणायची तर याच ब्युरोची," असं म्हणून आप्पांनी उशीखालून वर्तमानपत्रातली जाहिरात काढून दिली.

पहिल्या बाईच्या वेळी आप्पा आंघोळ करताना मेले. ती साबणाच्या हातांनीच पळाली. दुसरी खमकी होती. तिने नाडी बघितली, "सोंगं बंद करा आजोबा" म्हणाली आणि पेपर वाचत बसली. तिच्यासाठी आप्पांना मेल्यावर उठून बसावं लागलं. "तिकडे तुमचे सासरे भेटले," ते खोल आवाजात म्हणाले. "तुम्हाला बोलावलंय." ती पेपर टाकून गेली.

मधल्या दिवसांत मुलगाच आंघोळ घाली. आप्पा बहुतेक कोरडे राहत आणि मुलगा नखशिखांत भिजे. सून रोज तीच चादर धूत होती. दुकान उघडायला दुपार होई. ताई हे सगळं एकटी कसं करायची, हा प्रश्न दोघांनाही पडला, पण तो कुणी मोठ्याने विचारला नाही.

आता तिसरीही पळाल्यावर मुलाने ब्युरोला फोन लावला.

"आमच्याकडे आता एकच बाई उरल्यात," पलीकडची बाई म्हणाली. "आमचा रुग्णसेवेचा वर्ग कालच पूर्ण केला त्यांनी, पण अनुभव दांडगा आहे. पगार मात्र वरचा, रविवारी सुट्टी आणि वर्षभराचा करार. पेशंटने स्वतः नको म्हटलं, तरच करार मोडतो."

"पाठवा हो! काय वाट्टेल ते घ्या!" मुलगा ओरडला. सुनेने फोन हिसकावून "आजच!" अशी भर घातली. मुलाने न वाचताच मोबाईलवर सही केली आणि पहिल्या महिन्याचा पगार आगाऊ धाडून दिला.

तासाभरात बेल वाजली. दारात निळा कोट होता. गळ्यात ब्युरोचं कार्ड. नाकावर नवा चष्मा. आणि चष्म्यामागे ताई.

"साहेब, चपला कुठे काढू?" ताईने विचारलं.

"ताई? अगं, घरच्या माणसाला कसला..."

"मी घरची नाही. ब्युरोची."

सुनेने तिला गच्च मिठी मारली आणि हातातली ओली चादर खाली टाकली. मुलाने मोठ्या आशेने पलंगाकडे बघितलं. आप्पांनी आत्ता, या क्षणी मरावं, असं त्याला मनापासून वाटलं.

आप्पांनी दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवले. निळा कोट खालपासून वरपर्यंत न्याहाळला.

"ही चालेल," ते म्हणाले.

मुलगा मटकन खुर्चीत बसला. ताई पलंगाशी आली, तिने आप्पांना अलगद उठवलं आणि पाठीमागे उशी सारखी केली. आप्पांनी तिचा कान जवळ ओढला.

"किती लांबला गं तुझा वर्ग?" ते कुजबुजले. "आणखी एक बाई आली असती, तर मला खरंच मरावं लागलं असतं."