मुरूम लागेपर्यंत

शेषरावांचा पाय सुतळीत अडकला आणि ते तोंडावर पडता पडता वाचले.

"आबा, सांभाळून! भिंत हाये ती," झोपडीच्या दारातून कोकिळा ओरडली.

शेषरावांनी खाली पाहिलं. देऊळगावच्या वेशीबाहेरचा उघडा माळ. त्यात खुंट्या ठोकून सुतळी ताणलेली. एका अंगाला कुणीतरी गुडघाभर चर खणला होता. भिंत कुठंच नव्हती. पलीकडे होती ती कापसाच्या पऱ्हाट्यांच्या कुडाची झोपडी, शेणमातीनं लिपलेली, वर गवताचं छप्पर. आणि तिच्या दारात त्यांची लेक उभी होती. सातवा महिना, कमरेवर एक हात, तोंडभर हसू.

शेषरावांना मात्र हसू आलं नाही. पहिलं बाळंतपण, म्हणून ते दुसरबीडहून बैलांच्या दमणीत जाड गादी घालून तिला न्यायला आले होते.

"मास्तर कुठं हाये?"

"शाळेत गेले. तुमी बसा तं खरं."

"मी बसाले नाई आलो. लुगडी बांध. उकंडा बैल सोडत नाई, लगेच निंगू."

कोकिळेनं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. "मी येत नाई, आबा."

शेषरावांनी घेतलेला तांब्या हातात तसाच राहिला. गाडीवान उकंडानं बैलांच्या पाठीवरून हात फिरवायचं थांबवलं.

"येत नाई म्हंजे? प्लेग सरला, सारा गाव आपापल्या घरी गेला, अन् तुमी अजून या कुडात? इंचू-काट्यात बाळंत होतं का वं? दुसरबीडात लोक मले काय म्हनतील?"

"सरकारी सायबानं सांगितलं हाये आबा, प्लेगपायी बांधलेल्या झोपडीत जो राह्यला त्याची ते जागा. पण वस्ती मोडाची नाई, अन् पावसाळ्याआधी पाया दिसला पायजे."

"मंग मास्तर राहीन ना!"

"एकटा मानूस चूल कुठं पेटवते? मी गेली का हे वेशीतल्या जुन्या खोलीवर, मालकिनीकडं जेवाले जातीन, मंग तिथंच निजतीन. चूल थंडी झाली का जागा गेली. रोज पाहाटे उठून खंदतात, मंग आंघोळ करून शाळेत जातात. हाताले फोड आले तं मुलाईले दिसू नये म्हनून मूठ झाकून शिकवतात."

"अन् तू?"

"मी निसती माती उचलतो. थोडी थोडी."

"या दिवसात?" शेषरावांचा आवाज असा चढला की बैलांनी माना वर केल्या. "पाच खनाचं माळवद हाये आपलं! तुले त्यात जागा नाई होय?"

कोकिळा खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"जागा लय हाये, आबा. पण ते दादाचं घर. वयनीनं चांगलंच पाह्यलं मले, तिले नाव नाई ठेवत. सासरचं घर मोठ्या दिराचं. वेशीतली खोली भाड्याची, मालकीन म्हनली का पाटा-वरवंटा उचलाचा. इथं मले कोनी ऊठ म्हननार नाई."

शेषरावांनी तांब्या तोंडाला लावला. सगळं पाणी पिऊन झालं तरी बराच वेळ तो खाली घेतला नाही. मग मिशा पुसत चराच्या काठाशी गेले. वाकून चिमूटभर माती उचलली, बोटांनी चुरली.

"मुरूम लागला का?"

"नाई अजून. काळीच लागून राह्यली."

"काळीवर भिंत उभी केली तं पयल्याच पावसात तडकते. मास्तरले हे कोनी सांगितलं नाई?"

"गवंडी म्हनला, मुरूम लागेलोक खंदा. म्हनून तं वेळ लागून राह्यला."

शेषराव दमणीकडे वळले. "उकंडा, गादी उतरव. झोपडीत नेऊन टाक. अन् तू परत जाय. कोकिळेच्या मायले घेऊन ये. सुंठ-डिंक, जुनी लुगडी, काय लागते ते तिले समजते."

"म्हंजे बाळंतपन इथं कराचं, मालक?" उकंडाचा विश्वास बसेना.

"माय जिथं असते तिथं बाळंतपन होते. जाय."

"आबा," कोकिळा म्हणाली. तिनं पदर तोंडाला लावला.

"रडू नको. भाकरी टाक. भूक लागली मले."

दमणी धूळ उडवत निघून गेली. शेषरावांनी अंगरखा काढला, धोतराचा काचा मारला आणि चरात उतरून कुदळ उचलली.

दिवस कलता कलता निवृत्ती मास्तर शाळेतून आले. काळा कोट, काखेत छत्री. सासरे आज येणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि काय बोलायचं ते वाटभर जुळवत ते आले होते. पण चराजवळ पोचले आणि जागीच थबकले. सासरे मांडीइतक्या खोल खड्ड्यात उभे होते, उघडेबंब, घामानं निथळत. मास्तरांनी गडबडीनं हात जोडले; काखेतली छत्री खाली पडली.

"मामा, तुम्ही कशाला... मी खरं म्हणजे तुम्हाला..."

शेषरावांनी कुदळीवर हात टेकून जावयाला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"माह्या लेकीले कुडात ठेवली म्हनून तुमच्याशी भांडाले आलो होतो, मास्तर," ते म्हणाले. "पण आधी हे माती उचला. भांडाचं मंग पाहू."