झेंड्यातली गाठ

“मग जाळूनच बघ की!” दुकानदार माणिकप्पा म्हणाले आणि दोन्ही झेंडे त्यांनी गल्ल्यासमोर पसरले.

बुद्धप्रियानं पुढं केलेला हात मागं घेतला. धागा जाळला की खरं-खोटं कळतं, सुताची राख होते अन् पॉलिस्टरची गोळी, हे तिनंच आत्ता फुशारकीनं सांगितलं होतं. पण झेंड्याचा धागा जाळायचा? अहमदपूरच्या मोंढ्यात, भर बाजारात?

“आता गं?” वर्षाराणीनं मैत्रिणीला कोपरानं ढोसलं. “सगळ्या शाळेसमोर छाती ठोकून सांगितलंस ना हेडसरांना? यंदा झेंडा हातानं कातलेल्या सुताचाच, कातणाऱ्या बायांच्या हाताला काम देणारा! उद्या मराठवाडा मुक्तिदिन हाय, बाई.”

दोन्ही झेंड्यांवर लेबल एकच : ‘हातकताई, हातमाग’. मोबाईलवर गिऱ्हाइकांचे अभिप्राय बघावेत, तर एक म्हणतो अस्सल, दुसरा म्हणतो शुद्ध लबाडी, आणि स्टार दोन्ही झेंड्यांना पाच-पाच.

“काका, तुम्ही तरी सांगा. खरा कोणता?”

“मला काय ठाव, माय? पेटीतून निघतो तसा इकतो. लेबलावर हाय की.”

“लेबल काय, कुणीबी छापतंय.”

बुद्धप्रियानं दप्तरातून प्रयोगशाळेतलं भिंग काढलं. पहिला झेंडा वर्षाराणीनं आणि माणिकप्पांनी दारातल्या उन्हात ताणून धरला. भिंगाखाली वहीवर आखाव्यात तशा रेघा. एकसारख्या. कुठं म्हणून चूक नाही.

मग दुसरा धरला.

“अगं बाई...”

एकच धागा, आधी जाड, मग बारीक, मग पुन्हा जाड. हात दमला तिथं फुगलेला, हुरूप आला तिथं केसागत. शेजारचा त्याहून निराळा. त्याच्या शेजारचा आणखी निराळा. नुसत्या पांढऱ्या पट्ट्यातच किती तरी, आणि एकासारखा दुसरा नाही. एवढं सगळं कुणाच्या तरी बोटांतून निघालं होतं! बुद्धप्रियानं भिंग हळूहळू कडेकडं सरकवत नेलं.

पट्ट्याच्या कडेला इवलीशी गाठ होती.

माणिकप्पांनीही वाकून भिंगातून पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. “डागी माल निघाला की! थांब, बदलून देतो.”

“नको, नको! हाच द्या.” एवढा वेळ दुकान डोक्यावर घेणारी पोरगी एकदम बुद्धविहारात बोलावं तशी हळू बोलली. “हितं कुणाचा तरी धागा तुटला होता, काका. परत जोडलाय बघा.”