हरिओमचं पहिलं पोस्टर

नव्या सिनेमात हरिओमनं प्रेताचं काम केलं होतं आणि पोस्टर बघायला उंद्रीची अख्खी भावकी मेहकरला निघाली होती. पोस्टरवर हरिओमच नव्हता. भावकी जन्मभर थापाड्या म्हणणार, या धास्तीनं त्यानं बशीरभाईचं फ्लेक्सचं दुकान गाठलं. मोबाइलवरचं पोस्टर निरखून बशीरभाईनं निकाल दिला, "रंग बरा, अक्षरं झकास. पण खालची जागा वाया घातली बे! तुहा रोल काय?" "मेलेल्या माणसाचा." "मंग सोपं हाय," म्हणत त्यानं तिथं हरिओमचा फोटो टाकला आणि फोटोला श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससारखा हार घातला. स्टँडसमोर फ्लेक्स चढतो तोच भावकी उतरली. इंद्रभानकाका टोपी काढून, डोळे पुसून फ्लेक्ससमोर उभ्या हरिओमला म्हणाले, "बाजूले सरक बे, दर्शन घेऊ दे." हरिओम सरकला आणि श्वास रोखून उभा राहिला, इतके रंगलेले प्रेक्षक तो पहिल्यांदाच पाहत होता.