कानसेनांचं बोट

रोपवाटिकेवाल्याने जुन्या पिकअपचं स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ऐकलंत? कशी कण्हतेय बघा!"

कानसेनांनी डोळे बारीक करून मान डोलावली. ऐकलं होतं कप्पाळ! बारीक आवाजांनी वर्षभरापूर्वीच त्यांच्या कानांशी कट्टी घेतली होती. समोरच्याचं बोलणं कळे, तेही निम्मं ओठांवरून. आणि हा माणूस म्हणे गॅरेजचा कानसेन! एके काळी गाडी फाटकातून आत येत असतानाच, हातातला कप खाली न ठेवता, ते सांगायचे की अमुक बेअरिंग गेलंय. त्या नावावर लांबलांबून गाड्या यायच्या. त्यामुळे कानांचं हे गुपित त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. लेकीला तर नाहीच नाही.

गॅरेज आता लेक चालवत होती. पोरगी हुशार, पण नजर फार तिखट. गेले काही महिने आवाजाची तक्रार घेऊन गाडी आली की ती हटकून म्हणायची, "ही बाबा बघतील." म्हणजे परीक्षाच की! एकदा नापास झालो की ही आपल्याला घरी बसवणार, अशी धास्तीच त्यांनी घेतली होती. मग काय, दिवसभर खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचं!

"तीन ठिकाणी दाखवून झालं," रोपवाटिकेवाला म्हणाला. "तिघांनीही डॅशबोर्ड खोलला. आवाज तिथूनच येतो ना!"

"मलाही तिथूनच वाटतोय," लेक म्हणाली. "तुम्हाला, बाबा?"

"आधी बघू तर दे!" कानसेन खेकसले आणि गाडीखाली शिरले.

इंजिन बंद होतं. लेक केबिनमध्ये बसून स्टिअरिंग थोडं इकडे, थोडं तिकडे हलवत राहिली. खाली कानसेन एकेका सांध्यावर बोट टेकवत पुढे सरकले. वर्षभर त्यांची ही चोरी अशीच चालली होती. चाकं वळवणाऱ्या टाय रॉडची दोन्ही टोकं ठीक होती. मग त्यांनी डाव्या चाकामागच्या खालच्या बॉल जॉइंटवर बोट ठेवलं. बोटाखाली वाळू भरडल्यासारखं झालं. त्यांनी बॅटरी मारली. रबरी टोपी फाटलेली, ग्रीसचा पत्ता नाही, आत नुसता गंज. सापडलास बेट्या!

"डॅशबोर्डला कोणी हात लावायचा नाही," बाहेर येऊन त्यांनी फर्मान काढलं. "दुखणं खाली आहे. आवाज पत्र्यातून वर चढतोय."

दुपारपर्यंत नवा बॉल जॉइंट बसला. रोपवाटिकेवाला एक फेरी मारून आला तो हसतच. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून झालं, गाडीने हूं की चूं केलं नाही. "मानलं बुवा तुमच्या कानांना!" असं म्हणत त्याने हौद्यातलं एक लिंबाचं रोप काढून कानसेनांच्या हातात ठेवलं आणि तो गेला.

रोप हातात धरून कानसेन तसेच उभे राहिले. काम फत्ते झालं होतं, तरी त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे कौतुक आपलं नव्हेच. किती दिवस असं ढापायचं?

"ए, ऐक," ते लेकीला म्हणाले. "मला तो आवाज आलाच नाही. वर्षभर कुठलाच बारीक आवाज येत नाही. आता काय ते तू ठरव."

लेकीने हातातला पाना ठेवला. तिचे ओठ दिसतील अशी ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"माहितीये की, बाबा. म्हणून तर असल्या गाड्या तुमच्याकडे देते. आम्हाला ऐकू येतं ना, म्हणून आम्ही भलतीकडेच शोधत बसतो."