उजव्या दाराची काच

"ही काच माझ्या नवऱ्यासारखीच, सेरापियोसारखीच, कधी घाई म्हणून नाही," दोन्या कासिल्दा, म्हणजे कासिल्दाबाई, म्हणाली. "तो तिथंच, माझ्या शेजारी बसायचा. घाटमाथ्यावर काच उतरवून दारूचा पहिला घोट डोंगराला ओतायचा, मगच स्वतः प्यायचा. तो गेला आणि काचही रडतखडत चालायला लागली. नीट कर बाबा, उद्या लांबचा फेरा आहे."

एल आल्तो शहरातल्या माझ्या गॅरेजात, भर दुपारी, मी तिच्या जुन्या गाडीचं दार आतून उघडलं. रबराच्या खाचेतली धूळ काढली, वंगण दिलं. काच तरी जडच. मग काच वरखाली करणारी मोटर सोडवून टेबलावर ठेवली आणि वर केलेल्या काचेला लाकडी पाचर ठोकली.

"आता ही हलायची नाही, दोन्या."

तेवढ्यात ढग सरले आणि समोर इयिमानीचं बर्फाळ शिखर उघडं झालं.

पाचर जागच्या जागी होती. काच मात्र सावकाश उतरली आणि वीतभर खाली येऊन थांबली. दाराखालची कोरडी माती ओली होत गेली. दारूचा वास आला.

कासिल्दानं डोक्यावरची टोपी काढली. मीही काढली.

मग काच वर चढली. झटकन, नव्या गाडीसारखी.